पायाखालची जमीन

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी आईचा फोन आला. न्हाणीघराबाहेरची फरशी फार काळवंडली आहे, घासून निघत नाही, दुकानदार ॲसिड टाका म्हणतो, तर टाकू का? मी प्रयोगशाळेत कशात तरी गुंतले होते. डोळ्यांपुढे आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातल्या टाइल्स होत्या. "टाक, पण हातमोजे घाल," असे सांगून मी मोकळी झाले. दोन तासांनी पुन्हा फोन आला. आई खुशीत होती. "अगं, काय फेस आला म्हणून सांगू! सगळा मळ उकळून वर आला."

फेस म्हटल्याबरोबर माझ्या पोटात गोळा आला. आईच्या घरात टाइल्स नाहीत, शहाबादी फरशी आहे. तो फेस मळाचा नव्हता, फरशीचाच होता.

शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक, म्हणजेच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. दुकानात 'ॲसिड' म्हणून मिळते ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल. ही दोन एकत्र आली की कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. पहिले पाण्यात विरघळून मोरीवाटे जाते, शेवटचा फेस होऊन हवेत जातो. म्हणजे आईने फरशीचा वरचा पापुद्रा विरघळवून वाहून लावला होता आणि त्याच्याबरोबर मळही गेला होता. दुसऱ्या दिवशी फरशी पांढुरकी, स्वच्छ दिसत होती खरी. पण तिची झिलई गेली होती, हात फिरवला की खरखरीत लागत होती. पंधरा दिवसांत ती पहिल्यापेक्षा जास्त काळी झाली, कारण आम्लाने पाडलेल्या बारीक खळग्यांत धूळ आणि साबणाचा साका आता पक्का बसत होता.

रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी याची लाज वाटली. चूक रसायनाची नव्हती. 'जमीन कशाची आहे?' हा प्रश्नच मी विचारला नव्हता. त्यानंतर जमिनींविषयी जे सापडेल ते वाचू लागले, तेव्हा दिसले की हा प्रश्न विचारायला विसरणारी मी पहिली नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वी एका सबंध सरकारने हीच चूक केली होती आणि ती बरीच महाग पडली होती. त्या गोष्टीकडे यायचे, तर आधी जुन्या घरांत जाऊन यावे लागेल.

सारवण

आपल्या भाषेत पायाखालच्या भूमीला आणि घराच्या तळाला एकच शब्द आहे: जमीन. फार काळ दोन्ही एकच वस्तू होत्या. 'फरशी' हा शब्द अरबी-फारसीतून आलेला आणि मूळ अर्थ 'पसरलेले, अंथरलेले' असा. मुंबईकर तिलाच लादी म्हणतात.

माझ्या आजीच्या कोकणातल्या घरात १९८०च्या दशकातही माजघर आणि ओटी सारवलेली होती. नवी जमीन करायची तर माती आणि मुरूम पसरून, पाणी मारून, आधी धुमसाने ठोकायची, मग चोपण्याने चोपून सपाट करायची. ती वाळली की शेणकाला करून पोतेऱ्याने सारवायची. आजी उकिडवी बसून मागे मागे सरकत जाई आणि तिच्या हाताच्या आवाक्याएवढी अर्धवर्तुळे एकाशेजारी एक उमटत. आठ दिवसांनी पुन्हा तेच. सणावाराला आणि पावसाळा सरल्यावर तर नक्कीच.

यातले विज्ञान साधे आणि सुंदर आहे. चिकणमातीचे कण पातळ पत्र्यांसारखे असतात. वाळताना त्यांच्यामधले पाणी निघून जाते, माती आक्रसते आणि भेगा पडतात. शेणात जनावराच्या पोटात न पचलेले गवताचे बारीक तंतू असतात. भेग पडू लागली की हे तंतू दोन्ही कडांना धरून ठेवतात. गिलाव्यात पूर्वी ताग किंवा भुसा घालत, त्याचेही कारण हेच. शिवाय शेणातला चिकट अंश सुटी धूळ बांधून ठेवतो. ही झीज अंगावर घेणारी, मुद्दाम तात्पुरती ठेवलेली पातळ साय आहे. ती झिजते म्हणून पुन्हा लावायची. निगा आणि दुरुस्ती यांत इथे फरकच नाही. मात्र ही सगळी दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर चालली होती, हे सारवणाचे गोडवे गाताना विसरू नये.

महाराष्ट्रात मातीचीच जमीन का? गरिबी हे एक कारण, पण एकच नव्हे. राज्याचा सुमारे ऐंशी टक्के भूभाग बसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या काळ्या पाषाणाचा आहे. थिजलेल्या लाव्ह्यात पुस्तकाच्या पानांसारखे थर नसतात. तो छिन्नीने घडवावा लागतो, सोलून काढता येत नाही. देवळाचे गाभारे, घाट, वाड्यांचे चौक यांना तो परवडे. साध्या घराला कुठून परवडणार? कोकणपट्टीत आणि गोव्यात जांभा भरपूर, पण तो भिंतीचा दगड. सच्छिद्र आणि खडबडीत असल्यामुळे तोही पातळ फरशीच्या कामाचा नाही.

ऐपत असलेल्यांच्या घरी कोबा असे. विटांचे तुकडे, सुरकी आणि घाणीत मळलेला चुना एकत्र करून तो तासन्‌तास ठोकत. चुना मिळे नदीकाठच्या चुनखडीच्या गोट्यांतून, कोकणात शिंपल्यांतून. हे गोटे किंवा शिंपले भट्टीत भाजले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. विरवलेला चुना जमिनीत घातल्यावर तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे रसायनाच्या दृष्टीने कोबा हा माणसाने पुन्हा घडवलेला चुनखडकच. सुरकीतली भाजलेली माती चुन्याशी वेगळी अभिक्रिया करते, म्हणून असा कोबा ओलाव्यातही टिकतो.

जमिनीवरचा खटला

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू त्याआधी दोन वर्षे हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र येर्सिन यांना सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणाला ठाऊक नव्हते. मग संशय गेला घाणीवर, अंधारावर, दमट हवेवर आणि मातीच्या जमिनीवर. गरिबांच्या घरात हे सगळेच असे.

फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला. (कोविडच्या वेळी २०२०मध्ये आपल्याकडे लागू केला तो हाच.) पथके घराघरांत शिरू लागली. उजेड यावा म्हणून कौले काढली गेली, भिंतींना चुना फासला गेला, मातीच्या जमिनी खणून काढल्या गेल्या आणि पाऱ्याच्या विषारी क्षाराचे द्रावण शिंपडले गेले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीतली 'यू. एच. एच.' ही अक्षरे रंगवली गेली. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या समितीच्या कारभाराने लोक किती भडकले आणि २२ जून १८९७च्या रात्री काय झाले, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण शिकवतोच. अब्रूचा आणि जुलमाचा भाग त्यात मोठा आहे. माझा प्रश्न त्याच्या शेजारचा आहे. ज्या शास्त्राच्या नावाने ती जमीन खणली गेली, ते शास्त्र बरोबर होते का?

उत्तर मिळायला दहा वर्षे लागली. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५पासून मात्र मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, एका संशोधन मंडळाने हा प्रश्न नीट हाती घेतला. डॉ. विल्यम ग्लेन लिस्टन हे त्यातले एक प्रमुख नाव. त्यांचे अहवाल १९०६पासून इंग्लंडच्या आरोग्यशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले. प्रयोग कसा रचावा हे मुलांना शिकवण्यासाठी त्यांच्यासारखा धडा नाही, असे माझे मत आहे.

पहिला प्रश्न सरळ होता: जमिनीवर जंतू टिकतो का? त्यांनी शेणाने सारवलेली जमीन घेतली, चुन्याची जमीन घेतली आणि दोन्हींवर प्लेगचे जंतू मुद्दाम मिसळले. मग ठरावीक वेळाने ती जमीन प्राण्यांना बाधते का, हे तपासले. सारवलेल्या जमिनीची बाधकता ४८ तासांहून जास्त टिकली नाही. चुन्याची जमीन २४ तासांत निर्धोक झाली.

दुसरा प्रश्न: मग गिनीपिग आजारी पडतात ते कशाने? प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर ठेवला आणि एक दोन फुटांवर टांगला. हवा तीच, दमटपणा तोच, खोली तीच. खालच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, वरच्यांना झाला नाही. पिसू काही इंचांपेक्षा उंच उडी मारू शकत नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा घातला, तरी आतला प्राणी वाचे, आणि पिसवा पट्ट्यावर अडकलेल्या मिळत. एका बदलाखेरीज सारे सारखे ठेवायचे, हे 'नियंत्रित प्रयोगा'चे तत्त्व आपण व्याख्या म्हणून पाठ करून घेतो. इथे ते दोन इंच आणि दोन फूट यांच्या फरकात उभे आहे.

आता त्या ४८ आणि २४ तासांकडे पुन्हा पाहू. व्याख्यानांच्या शेवटी मला हमखास विचारतात, 'शेण जंतुनाशक असते ना? म्हणून तर आपले पूर्वज सारवत.' प्लेगच्या जंतूपुरता हा प्रश्न परळला विचारून झाला आहे. जंतू सारवणावर चुन्यापेक्षा जास्त वेळ टिकलेला आढळला. म्हणजे शेणाने त्याला मारले म्हणावे, तर चुन्याच्या जमिनीवर तो त्याहून लवकर मेला. आणि अधिकारी समजत होते तशी सारवलेली जमीन प्लेगचे कोठारही नव्हती. तिचे भक्त आणि तिचे शत्रू, दोघेही चुकले होते. (जंतू मातीत कधीच टिकत नाही, असेही मात्र म्हणता येत नाही. २००८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, प्लेगने मेलेल्या जनावराचे रक्त सांडलेल्या मातीत तो तीन आठवड्यांनंतरही जिवंत सापडला. पण साथ पसरली ती त्या वाटेने नव्हे.)

मग मातीच्या घरांत प्लेग जास्त का दिसे? उत्तर जमिनीवर नव्हते, जमिनीत होते. मातीच्या भिंती, मातीची जमीन, धान्याच्या कणग्या: उंदराला बीळ करायला याहून चांगली जागा कोणती? सारवणात जंतू राहत नव्हता, उंदीर राहत होता. तेव्हा जमीन पक्की करणे योग्यच होते, पण कारण वेगळे होते. कारण चुकले की उपायही वाकडा होतो. खणलेल्या जमिनीवर पाऱ्याचे द्रावण शिंपडून ना उंदीर मेला, ना पिसू संपली. घर तेवढे मोडले.

मातीची जमीन सगळ्याच आरोपांतून सुटली, असेही नाही. मातीत जंतांची अंडी टिकतात, आणि रांगत्या मुलाचे हात आधी जमिनीला आणि मग तोंडाला लागतात. मेक्सिकोच्या कोआविला राज्यात २०००पासून सरकारने गरिबांच्या घरांतल्या मातीच्या जमिनींवर सिमेंटचा थर घालून देण्याची योजना राबवली. शेजारच्या राज्यातल्या लागूनच असलेल्या शहरांत ती तेव्हा नव्हती. लोक तसेच, हवा तीच. फरक फक्त राज्याच्या सीमेचा, म्हणजे पुन्हा दोन इंच आणि दोन फूट! २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, जिथे सगळी जमीन सिमेंटची झाली त्या घरांतल्या लहान मुलांत जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी आणि जुलाबांचे ४९ टक्क्यांनी कमी आढळले. तिथली माती आपल्यासारखी सारवलेली नव्हती, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेत. पण २०११च्या जनगणनेत भारतातल्या सुमारे ४६ टक्के घरांची जमीन मातीची होती, हे लक्षात ठेवून ते वाचावेत.

शहाबादहून आलेला दगड

पक्की जमीन महाराष्ट्रातल्या साध्या घरांपर्यंत आली ती मुख्यतः रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सोलापूर, गुलबर्ग्यावरून पुढे जात १८७१ साली रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेला मिळाला. गुलबर्गा आणि वाडीच्या मध्ये शहाबाद हे स्टेशन आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते, आज कर्नाटकात आहे. इथे बसाल्टची चादर संपते आणि तिच्या खालचा जुना चुनखडक उघडा पडतो. तो किमान साठ कोटी वर्षांपूर्वी एका उथळ, शांत समुद्राच्या तळाशी साचला. चुन्याचा थर, त्यावर चिकणमातीचा पातळ पापुद्रा, पुन्हा चुना, असे होत गेले. त्या पापुद्र्यावर छिन्नी मारली की इंच-दीड इंच जाडीची सपाट फरशी आपोआप सुटते. लाव्ह्याने आपल्याला जे नाकारले, ते समुद्राने तयार करून ठेवले होते. वॅगनी भरभरून हा दगड सोलापूर, पुणे, मुंबईला येऊ लागला आणि वाडे, चाळी, शाळा, कचेऱ्यांच्या जमिनी राखाडी झाल्या. तुमच्या शाळेची इमारत जुनी असेल, तर बहुधा आत्ता तुमच्या पायाखाली तीच आहे.

स्वयंपाकघराच्या ओट्याचा काळा कडप्पा हा त्याचाच आंध्रातला भाऊ, राजस्थानातला हिरवट कोटा हा आणखी एक. संगमरवरही मूळचा चुनखडकच, उष्णता आणि दाबाने पुन्हा स्फटिकलेला. म्हणजे या साऱ्यांचा शत्रू एकच: आम्ल. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू पिळल्याचे, आमसुलाचे, ताकाचे फिके डाग पडतात ते घासून जात नाहीत, कारण ते डाग नसतातच. तिथला दगड थोडासा गेलेला असतो. 'नैसर्गिक' म्हणून व्हिनेगरने संगमरवर पुसण्याचा सल्ला हल्ली जागोजाग मिळतो. व्हिनेगर नैसर्गिक आहे हे खरे, पण संगमरवराला त्याचे काय!

ग्रॅनाइटचे तसे नाही. तो सिलिकेटांचा दगड आहे; लिंबाला दाद देत नाही. ओळख पटत नसेल तर दिसणार नाही अशा कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसून पाहावे. जागा निस्तेज झाली, तर दगड चुन्याच्या कुळातला. वर्गात हेच दाखवायचे तर संगमरवराचा कपचा किंवा अंड्याचे कवच घ्या. फळ्यावरच्या खडूवर विसंबू नका. तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो, त्याला फेस येत नाही आणि गुरुजींची फजिती होते.

ओतलेल्या फरश्या

श्रीमंतांसाठी दुसरी वाट बोटीने आली. इंग्लंडमध्ये सॅम्युएल राइट यांनी १८३०मध्ये दोन रंगांच्या माती एकमेकींत बसवून भाजण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि हर्बर्ट मिंटन यांनी तो धंदा मोठा केला. मुंबईतल्या व्हिक्टोरियन काळातल्या इमारतींत या नक्षीदार टाइल्स दिसतात. त्यांचा रंग वरून चढवलेला नसून काही मिलिमीटर खोल असतो, म्हणून शंभर-सव्वाशे वर्षे पाय पडूनही नक्षी शाबूत आहे.

त्यांची न भाजता केलेली, स्वस्त बहीण म्हणजे सिमेंटची टाइल. साच्यात पितळी पट्ट्यांच्या चौकटी ठेवून रंगीत सिमेंटचा काला ओतायचा, चौकट उचलायची, वर कोरडे सिमेंट-रेती दाबायची आणि दाबयंत्रात दाबून पाण्यात मुरवायची. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर फ्रान्स आणि स्पेनमध्ये रुजली. स्वदेशीच्या वातावरणात १९२२ साली फिरोजशा सिधवा आणि रुस्तुम सिधवा यांनी मुंबईजवळ उरणला अशा टाइल्सचा कारखाना काढला. भारत टाइल्स हे नाव जुन्या मुंबईकर घरांत अजून ओळखीचे आहे. त्यात संगमरवराचे कपचे घातले आणि वरून घासले की झाला मोझॅक. स्वातंत्र्यानंतरच्या दोन पिढ्यांनी मोझॅकवर अभ्यास केला, सापशिडी खेळली आणि हरवलेल्या टाचण्या त्याच्या ठिपक्यांत शोधल्या.

मोझॅकच्या शेवटच्या पॉलिशमध्ये एक गंमत आहे. कारागीर त्यावर ऑक्झॅलिक आम्लाची पूड टाकून घासतात. आत्ताच तर म्हटले की आम्ल शत्रू! पण हायड्रोक्लोरिक आम्लाने बनणारा कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळून जातो, तर ऑक्झॅलिक आम्लाने बनणारा कॅल्शियम ऑक्झॅलेट जवळजवळ विरघळत नाही. तो जागेवरच पातळ थर होऊन बसतो आणि चमक देतो. अळूची पाने नीट शिजली नाहीत की घसा खाजतो, तो याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. तेव्हा 'आम्ल वाईट' एवढे पाठ करून भागत नाही. त्यातून काय तयार होते आणि ते कुठे जाते, ते पाहावे लागते.

१९९०च्या दशकापासून गुजरातेतल्या मोरबीच्या भट्ट्यांनी हे सगळे मागे टाकले. मोरबी पूर्वी कौलांसाठी आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी प्रसिद्ध होती. तिथल्या व्हिट्रिफाइड टाइल्स सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या तापमानाला मातीचा काही भाग काचेसारखा वितळून छिद्रे बुजवतो, आणि टाइल तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते. डाग पडत नाही, आम्लाची भीती जवळजवळ नाही. मग वाईट काय? ओली झाली की घसरते. घरात म्हातारी माणसे असतील तर न्हाणीघरात, पायऱ्यांवर गुळगुळीत टाइल घालू नये. खडबडीत पृष्ठभागाची टाइल किंवा बिनपॉलिशची शहाबादी बरी. आणि तिच्या दरजा सिमेंटच्याच असतात. वरून ॲसिड ओतले की टाइल राहते, दरज जाते आणि तिथून पाणी खाली झिरपते.

रोजच्या निगेत सगळ्यात मोठा शत्रू आम्ल नसून रेती आहे. रेतीतल्या क्वार्ट्झचा कठिणपणा मोहच्या मापात ७, चुनखडकातल्या कॅल्साइटचा ३. चपलेखालचा रेतीचा कण फरशीवर पटाशीसारखा चालतो. म्हणून आधी केर काढायचा आणि मगच ओले फडके फिरवायचे. दारातले जाड पायपुसणे कोणत्याही महागड्या द्रवापेक्षा जास्त काम करते. दगडाला आणि मोझॅकला पाणी आणि सौम्य साबण पुरतो. आणखी एक सूचना, विशेषतः शाळांसाठी, कारण तिथले स्वच्छतागृह धुणाऱ्या मावशींना हे कोणी सांगत नाही: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र किंवा एकामागून एक वापरू नयेत. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. तो फुप्फुसे जाळतो आणि बंद खोलीत जीवही घेऊ शकतो. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात ठेवलेल्या मी कितीतरी शाळांत पाहिल्या आहेत.

आईच्या फरशीचे पुढे काय झाले? पॉलिशवाल्याला बोलावले. त्याने यंत्र फिरवून दाखवले आणि म्हणाला, ताई, एवढ्या चार फरश्यांसाठी सगळी खोली घासावी लागेल, नाही तर रंग मिळणार नाही. सगळ्या खोलीची फरशी मिलिमीटरभर झिजवायची माझी तयारी नव्हती. आता तिथे सोड्याने आणि काथ्याने घासून मळ काढतो. आईला त्या जागेबद्दल काहीच तक्रार नाही. न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आले की तिथे पाय घट्ट टेकतो, असे ती म्हणते. उरलेली अर्धी बाटली मी प्रयोगशाळेत आणून ठेवली आहे.